पेटीचा एकतीस वर्षांचा वनवास

१ मार्च १९४० या दिवसापासून ऑल इंडिया रेडिओने एका वाद्याला स्टुडिओचे दरवाजे बंद केले. बंदी कुणा गायकावर नव्हती, कुठल्या गाण्यावर नव्हती. ती हार्मोनियमवर होती. महाराष्ट्रात त्या वेळी नाटकात, कीर्तनात, भजनी मंडळात, गायनशाळेत, जिथे जिथे गाणं होतं तिथे तिथे पेटी होती. रेडिओवर मात्र तिने पाऊल टाकायचं नव्हतं.

हा हुकूम इंग्रजांच्या काळातला. सात वर्षांनी इंग्रज गेले, देशाची फाळणी झाली, संविधान आलं, परक्या राजवटीचे कितीतरी नियम मोडीत निघाले. हा मात्र टिकला. बंदी उठायला १९७१ उजाडलं, आणि तेव्हाही ती पुरती उठली नाही. म्हणजे तब्बल ३१ वर्षं देशातलं सगळ्यात जास्त वाजणारं स्वरवाद्य देशाच्या रेडिओवर वाजत नव्हतं.

याहूनही नवल वाटतं ते या बंदीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या माणसांचं. त्यांत मँचेस्टरचा एक इंग्रज संगीतकार होता, कोलंबोत जन्मलेला एक थोर कलापंडित होता, खुद्द रवींद्रनाथ ठाकूर होते आणि पुढे पुण्यात जन्मलेले एक केंद्रीय मंत्रीही होते. एरवी ही माणसं कुठल्या एका गोष्टीवर एकत्र आली असती, असं वाटत नाही. पण पेटी आपल्या संगीताला मारक आहे, यावर सगळ्यांचं एकमत होतं. त्यांचा आक्षेप हा निव्वळ हेकेखोरपणा असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण आक्षेपात तथ्य होतं. म्हणूनच ही हकिकत मुळापासून समजून घ्यायला हवी.

पूर्वेची पत्ती, पॅरिसचं खोकं

पेटीचा जीव असतो पितळेच्या एका पातळ पत्तीत. पत्तीचं एक टोक पक्कं बसवलेलं, दुसरं मोकळं, आणि खाली तिच्याच मापाची खाच. भात्यातली हवा त्या खाचेतून वाट काढते, पत्ती थरथरते आणि स्वर उमटतो. कारागीर पत्तीच्या टोकाजवळ किंचित घासतो तेव्हा स्वर चढतो. मुळाशी खरवडतो तेव्हा उतरतो. पत्तीची लांबी, जाडी आणि वजन ठरलं की स्वर ठरला.

ही मोकळी पत्ती युरोपची नव्हे. चीनमधलं ‘शंग’ नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य याच तत्त्वावर चालतं आणि ते हजारो वर्षं जुनं आहे. आग्नेय आशियातल्या लाओसमध्ये बांबूच्या नळ्यांचं ‘खेन’ वाजतं, त्याच्याही पोटात अशाच पत्त्या असतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेकिंगमध्ये राहणाऱ्या आमियो नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने चिनी संगीताचा अभ्यास करून तिथली वाद्यं पॅरिसला पाठवली. त्याच सुमारास युरोपातले वाद्यकार आणि शास्त्रज्ञ मोकळ्या पत्तीवर प्रयोग करू लागले होते. त्या प्रयोगांतूनच पुढे माउथ ऑर्गन आला, अ‍ॅकॉर्डियन आलं, आणि १८४०च्या दशकाच्या आरंभी पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने आपल्या वाद्याचं पेटंट घेतलं. त्याने त्याला नाव दिलं हार्मोनियम.

दबँची हार्मोनियम टेबलासारखी उभी असे. वादकाने खुर्चीवर बसायचं, दोन्ही पायांनी भाता हलवायचा आणि दोन्ही हातांनी पट्ट्या वाजवायच्या. लहान चर्चला मोठा पाइप ऑर्गन परवडत नसे, त्यांची सोय झाली. मोठमोठ्या संगीतकारांनीही या वाद्यासाठी लिहिलं. रॉसिनीने उतारवयात रचलेल्या ‘मास’ या प्रकारच्या एका प्रसिद्ध चर्चसंगीत रचनेत पियानोच्या जोडीला हार्मोनियम आहे, द्वोर्झाकने १८७८ मध्ये दोन व्हायोलिनं, एक चेलो आणि हार्मोनियम यांसाठी छोट्या रचना केल्या.

मिशनऱ्यांबरोबर आणि व्यापाऱ्यांबरोबर हे वाद्य कलकत्त्याला पोचलं. तिथे द्वारकानाथ घोष या वाद्य-व्यापाऱ्याने त्याचं रूपच पालटलं. आपल्याकडचं गाणं जमिनीवर मांडी घालून चालतं, म्हणून त्याने पाय काढून टाकले. भाता मागच्या बाजूला आणला आणि तो डाव्या हाताने हलवायची सोय केली. उजवा हात पट्ट्यांवर. युरोपच्या संगीतात एकाच वेळी अनेक स्वर एकमेकांवर रचतात, त्यासाठी दोन्ही हात लागतात. आपल्या संगीतात एका वेळी एक स्वरावली पुढे जाते, तिला एक हात पुरतो. घोषांच्या ‘द्वारकिन’ कंपनीची ही हातपेटी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत देशभर पसरली. पुढे इथल्या कारागिरांनी तिच्यात खर्ज-नर-मादी अशा सुरांच्या रांगा बसवल्या, आधारस्वर धरून ठेवणाऱ्या खुंट्या लावल्या, आणि अख्खी पट्टी सरकवून षड्ज बदलण्याची युक्तीही काढली.

युरोपात मात्र विसाव्या शतकात, विशेषतः १९३५ मध्ये विजेवर चालणारा हॅमंड ऑर्गन बाजारात आल्यानंतर, हार्मोनियम मागे पडत गेली. आज तिकडे ती जुन्या चर्चमध्ये, संग्रहालयांत आणि हौशी संग्राहकांच्या घरी सापडते. जिवंत वाद्य म्हणून ती भारतीय उपखंडात राहिली.

महाराष्ट्राने पेटी का उचलली?

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि मराठी संगीत नाटकाचं युग सुरू झालं. ध्वनिक्षेपक नव्हते. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत पद पोचवायचं तर नटाच्या आवाजाला भक्कम आधार हवा होता. पायपेटीने, म्हणजे ऑर्गनने, तो दिला. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत कादरबक्ष यांची सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला होता. त्यांच्या जोडीला ऑर्गनचा भरदार सूर होता. आज नाट्यसंगीत म्हटलं की कानात जो नाद घुमतो, त्याचा मोठा भाग हा पायपेटीचा आहे.

घरोघरी आणि गावोगावी हातपेटी गेली त्याची कारणं आणखी साधी होती. सारंगीला तीन मुख्य तारांखेरीज पस्तीसच्या आसपास तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारा, असतात. त्या लावण्यात वेळ जातो, हवा बदलली की त्या उतरतात, आणि वाद्य हाताशी यायला वर्षानुवर्षं घासावं लागतं. पेटी एकदा सुरात लावली की महिनोन्‌महिने तशीच राहते. कीर्तनकाराबरोबर ती बैलगाडीतून जाऊ शकते. भजनी मंडळातला शेतकरी दिवसभराच्या कामानंतर ती काढून वाजवू शकतो.

एक कारण सामाजिक होतं, आणि ते सांगायला हवं. सारंगिये बहुतेक वेळा तवायफांच्या बैठकीत साथ करणारे. त्यामुळे सारंगीवर समाजाने बदनामीचा शिक्का मारला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी मध्यमवर्गीय घरांतल्या मुली गाणं शिकू लागल्या, तेव्हा घरच्यांना सारंगिया नको होता. पेटी चालत होती. पेटीच्या प्रसारात या अन्यायाचाही वाटा आहे.

याच काळात महाराष्ट्राने पेटीला स्वतःचे कलावंत दिले. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे त्यांत अग्रणी. भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याला त्यांची साथ असे. १९११ मध्ये आलेल्या ‘मानापमान’ नाटकाच्या पदांना त्यांनी चाली दिल्या, आणि १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात संगीत देऊन वर राजा हरिश्चंद्राची भूमिकाही केली. साथ कशी असावी, हे टेंब्यांच्या पेटीने एका पिढीला शिकवलं.

आक्षेप काय होता?

आता फिर्यादीची बाजू. ती समजायला थोडं गणित लागतं.

समजा, मध्य सप्तकातला षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा आहे. त्याच्याशी पूर्ण जुळणारा शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३०० कंपनांचा. हा गंधार माणसाने ठरवलेला नाही. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेकडे शांतपणे कान दिला तर त्या एका तारेतूनच गंधार उमटताना ऐकू येतो. तार कुणी गंधाराला लावलेली नसते. कंपनाच्या नियमानेच तो तिथे असतो.

पेटीचा गंधार वेगळा आहे. युरोपात पियानो आणि ऑर्गनसाठी सप्तकाचे बारा अगदी समान भाग पाडायची पद्धत रूढ झाली. कुठल्याही पट्टीला षड्ज मानलं तरी गाणं सारखंच वाजावं, एवढ्यासाठी ही सोय. तिची किंमत मात्र स्वरांनी चुकवली. २४०च्या षड्जावर समान भागांचा गंधार ३०२.४ कंपनांचा येतो. शुद्ध धैवत ४००चा हवा, तो येतो ४०३.६चा. कोमल गंधार २८८चा हवा, तो २८५.४वर थांबतो. पंचम तेवढा बचावतो: ३६० हवा, ३५९.६ मिळतो. आकडे लहान दिसतात, पण तंबोऱ्यात मुरलेल्या कानाला पेटीचा चढा गंधार लगेच टोचतो. दोन्ही गंधार एकत्र वाजले की त्यांच्यात लहरी उठतात.

दुसरा आक्षेप याहून मोठा. आपलं संगीत स्वरांवर जितकं उभं आहे तितकंच दोन स्वरांमधल्या वाटेवर. दरबारी कानड्याचा कोमल गंधार एका जागी स्थिर राहत नाही. तो आंदोलित असतो, झुलतो, आणि त्या झुलण्यातच दरबारी आहे. मींड घेताना गायक एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जातो. पेटीवर दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नाही. स्वर एक तर वाजतो किंवा वाजत नाही.

पेटी परदेशी म्हणून नको म्हणावं, तर व्हायोलिनही परदेशीच. मुथुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी दीक्षितर यांनी ते मद्रासला युरोपीय वादकांकडून शिकून घेतलं आणि एका शतकात ते कर्नाटक संगीताचं मुख्य साथीचं वाद्य झालं. त्याच्यावर रेडिओने कधी बंदी घातली नाही, कारण त्याच्या तारेवर बोट कुठेही थांबू शकतं आणि कसंही सरकू शकतं. म्हणजे परदेशी जन्म हा पेटीवरचा खरा आरोप नव्हता. खरा आरोप तिच्या घडणीवर होता.

सांगलीचा प्रयत्न

हा दोष दूर करता येईल असं काही जणांना वाटलं, आणि त्यांतला पहिला मोठा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर सप्तकातल्या बावीस श्रुतींच्या, म्हणजे सूक्ष्म स्वरस्थानांच्या, मोजमापाला लागले. जुन्या ग्रंथांत सांगितलेल्या श्रुती नेमक्या किती कंपनांच्या, हे त्यांना प्रत्यक्ष गायकाच्या आवाजावरून ताडून पाहायचं होतं. त्यासाठी त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या सुरेल गवयाची मदत घेतली. १९१० मध्ये त्यांचं या विषयावरचं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं. मुंबई इलाख्यातले आयसीएस अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांना या कामाने भारून टाकलं. दोघांच्या प्रयत्नांतून बावीस श्रुती वाजवता येतील अशी हार्मोनियम लंडनमध्ये बनवून घेण्यात आली.

१९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे या श्रुतींवर जोरदार चर्चा झाली. संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंड्यांना देवल-क्लेमंट्स यांचा हिशोब पटला नाही. आज गायली जाणारी रागदारी प्राचीन ग्रंथांतल्या श्रुतींच्या मापात बसवता येत नाही, असं त्यांचं मत होतं. बावीस श्रुतींची ती हार्मोनियम प्रचारात आली नाही. पण पेटीच्या दोषाकडे डोळेझाक न करता, ती न फेकता, ती सुधारून घ्यावी, हा विचार सांगलीच्या त्या निवृत्त अधिकाऱ्याने तेव्हाच मांडून ठेवला होता.

फिर्यादी एकत्र येतात

पेटीविरुद्ध सगळ्यात आधी कडक लिहिणाऱ्यांत आनंद कुमारस्वामी होते. वडील तमिळ, आई इंग्रज, जन्म कोलंबोचा. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय आदर्शांवरच्या आपल्या निबंधसंग्रहात त्यांनी ग्रामोफोन आणि हार्मोनियम या दोहोंवर टीका केली. यंत्रात घडलेल्या वस्तू भारतीय कारागिरी आणि कलादृष्टी नष्ट करत आहेत, हे त्यांच्या सर्वच लेखनाचं सूत्र होतं. पेटी त्यांना त्याचंच एक उदाहरण वाटत होती.

दुसरे जॉन फोल्ड्स. मँचेस्टरला जन्मलेले, हॅले ऑर्केस्ट्रात चेलो वाजवलेले, पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी लिहिलेल्या त्यांच्या ‘वर्ल्ड रेक्विएम’चा प्रयोग १९२३ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला होता. त्यांच्या पत्नी मॉड मॅकार्थी यांनी भारतात येऊन इथल्या संगीताचा अभ्यास केला होता. अर्ध्या स्वराहूनही लहान अंतरं फोल्ड्सने स्वतःच्या रचनांत वापरली होती, त्यामुळे भारतीय स्वरांचा बारकावा त्यांना चटकन कळला. १९३५ मध्ये हे दांपत्य भारतात आलं. पुढे दिल्ली रेडिओ केंद्रावर पाश्चात्त्य संगीताची जबाबदारी फोल्ड्सकडे आली. भारतीय वाद्यांचा वाद्यवृंद उभा करायची त्यांची धडपड होती, आणि त्या कामात पेटी त्यांना सतत अडसर वाटत होती. १९३८ मध्ये रेडिओच्या ‘इंडियन लिसनर’ या पाक्षिकात त्यांनी तिच्याविरुद्ध लेख लिहिला. बंदी पाहायला मात्र ते राहिले नाहीत. एप्रिल १९३९ मध्ये कलकत्त्यात पटकीने त्यांचा मृत्यू झाला.

तिसरा आवाज सगळ्यांत वजनदार. रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात पेटी ठेवलीच नव्हती; तिथे एसराज हे तंतुवाद्य वाजत असे. जानेवारी १९४० मध्ये त्यांनी रेडिओच्या कलकत्ता केंद्राला पत्र लिहून पेटीला असलेला आपला जुना विरोध पुन्हा कळवला. मार्चच्या पहिल्या तारखेला बंदी अमलात आली.

इंग्रज संगीतकाराला पेटी पुरेशी भारतीय वाटत नव्हती, तर स्वदेशीच्या अभिमान्यांना ती परकी वाटत होती. दोन्ही बाजूंच्या मनात एक शुद्ध भारतीय संगीत होतं, ज्यावर बाहेरचा काही ओरखडा नको होता. पण भजनी मंडळात, नाटकात, कव्वालीत जे संगीत रोज घडत होतं, त्याला त्या चित्रात जागाच नव्हती. तबला, सतार, सारंगी यांच्या आजच्या रूपांनाही शतकानुशतकांची सरमिसळ कारण आहे, हे त्या वेळी कुणी ध्यानात घेतलं नाही.

स्वराज्यातही बंदी

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि दहा वर्षं त्या पदावर राहिले. जन्म पुण्याचा, शिक्षण काशी विद्यापीठात आणि पुढे पॅरिसमध्ये, ध्रुपदाचा अभ्यास केलेला. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी केलेलं काम मोठं आहे. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात, १९५२ मध्ये सुरू झाला. संस्थानं विलीन झाल्यावर उघड्यावर पडलेल्या कितीतरी गवयांना, सारंगियांना, तबलजींना आकाशवाणीने पगार दिला आणि मान दिला.

पण लोकांच्या कानाला शिस्त लावायची म्हणून त्यांच्याच काळात चित्रपटगीतंही आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. त्याचा परिणाम सगळ्यांना ठाऊक आहे. श्रोत्यांनी काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. १९५२च्या डिसेंबरात तिथे अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारची रात्र तिने जिंकून घेतली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला ‘विविध भारती’ काढावी लागली. चित्रपटगीतांच्या पाठीशी कोट्यवधी श्रोते होते, म्हणून ती पाच वर्षांत परत आली. पेटीवाल्यांच्या पाठीशी असा बाजार नव्हता. त्यांचा वनवास आणखी चौदा वर्षं चालला.

या बंदीचा एक फायदा झाला, तो नाकारू नये. केंद्राकेंद्रांवर सारंगीवादकांना नोकरी मिळाली. पुढे सारंगीला एकल वाद्य म्हणून जगभर नेणारे पंडित रामनारायण तरुणपणी लाहोर आणि दिल्ली केंद्रांवर होते. रेडिओने त्या काळात हात दिला नसता तर सारंगीची अवस्था आणखी बिकट झाली असती.

पेटीवाल्यांचा मात्र विचित्र कोंडमारा झाला. रात्री मैफलीत ज्या गायकाला साथ करायची, तोच गायक दुसऱ्या दिवशी आकाशवाणीवर गाताना आपल्याला दाराबाहेर राहायचं. पुणे केंद्रावर १९५५ ते १९५६ या काळात ‘गीतरामायण’ घडलं, तेव्हाही ही बंदी चालूच होती. पुढे सुधीर फडके गावोगाव ‘गीतरामायण’ गात हिंडले ते समोर पेटी घेऊनच. पेटी बाहेर ठेवली तरी तिचं माप गायकांच्या मनातून निघालं नाही. आजही गवई तंबोरा लावायला सांगताना ‘काळी एक’, ‘पांढरी दोन’ किंवा ‘काळी चार’ असंच सांगतो, म्हणजे पेटीच्या पट्टीवरूनच.

वादकांनी दिलेलं उत्तर

पेटीचा दोष वादकांनी भाषणं करून खोडला नाही. त्यांनी तो हाताने भरून काढला. पेटीवर मींड निघत नाही, तर मींडेचा आरंभ आणि शेवट इतक्या नजाकतीने जोडायचा की मधली वाट ऐकणाऱ्याच्या मनात उमटावी. भात्यावरचा हात हलका-जड करून स्वराला श्वास द्यायचा. जो स्वर रागात टोचतो, त्यावर थांबायचं नाही, स्पर्श करून निघून जायचं. गायक एका श्रुतीवर स्थिर झाला की तिथे आपण गप्प राहायचं. आणि गायकाच्या ताना, हरकती, शब्दांचे उच्चार यांच्यामागून सावलीसारखं जायचं.

पी. मधुकरांनी पेटीवर एकल वादन उभं केलं. गोविंदराव पटवर्धनांच्या पेटीतून नाट्यपदांचे शब्द ऐकू येतात, असं जाणकार म्हणत. अप्पा जळगावकरांनी भीमसेन जोशी यांच्यासह अनेक थोर गायकांना साथ केली. गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर पी. मधुकरांकडे शिकले आणि साथ व एकलवादन दोन्हींत त्यांनी नाव मिळवलं. पु. ल. देशपांड्यांनाही पेटीचं वेड होतं, हे महाराष्ट्राला सांगायला नको.

१९७०च्या सुमारास या प्रश्नावर दिल्लीत चर्चासत्र झालं. गणित, श्रुती, मींड, परदेशी मूळ असे जुने सगळे मुद्दे पुन्हा मांडले गेले. या वेळी समोर तीस वर्षांचा अनुभवही होता: बंदी असूनही मैफलींतून पेटी गेली नव्हती, उलट शास्त्रीय गायनाच्या साथीत तिने जवळजवळ मुख्य जागा घेतली होती. १९७१ मध्ये बंदी अंशतः उठली. साथीसाठी परवानगी मिळाली, तीही वरच्या श्रेणीच्या कलावंतांना. एकलवादनाला दार लगेच उघडलं नाही. पुढे अप्पा जळगावकरांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि बोरकरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या वाद्याला सरकारी रेडिओने बाहेर ठेवलं होतं, त्याच्या वादकांचा सरकारनेच सन्मान केला.

देवलांचं स्वप्नही वाया गेलं नाही. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक हे पेशाने औषधशास्त्रातले डॉक्टर आणि गोविंदराव पटवर्धनांचे शिष्य. त्यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम बनवली. तिच्यात षड्ज आणि पंचम सोडून उरलेल्या दहा स्वरांना प्रत्येकी दोन श्रुती आहेत आणि रागाला हवी ती निवडायची सोय आहे. मींड तिच्यावरही निघत नाही, पण ३०० आणि ३०२.४ यांच्यातलं भांडण ती मिटवू शकते.

प्रश्न अजून संपलेला नाही

२०२२ मध्ये शिखांच्या अकाल तख्त या धर्मपीठाच्या जथेदारांनी अमृतसरच्या सुवर्णमंदिरातल्या कीर्तनातून तीन वर्षांत पेटी काढावी आणि रबाब, सारंदा यांसारखी तंतुवाद्यं परत आणावीत, असं सुचवलं. त्यावर मतं विभागली गेली. म्हणजे कुमारस्वामींनी १९०९ मध्ये सुरू केलेली चर्चा आजही चालू आहे, आणि ती चालू राहणं चांगलंच आहे. कारण तिच्यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय न्याय होत नाही.

पहिली गोष्ट स्वरांची. तिथे फोल्ड्स आणि रवींद्रनाथ बरोबर होते. लहान मुलाला गाणं शिकवताना पहिला षड्ज पेटीवरून नव्हे, तंबोऱ्यावरूनच दिला पाहिजे. पेटीच्या चढ्या गंधारावर घोटलेला गळा नंतर सुधारणं कठीण जातं; हे आपल्या गायनवर्गांनी मनावर घ्यायला हवं. सारंगी शिकणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती, व्यासपीठ आणि चांगला मोबदला मिळायला हवा, कारण तिच्यासारखी गळ्याच्या इतकी जवळची साथ दुसऱ्या कुठल्या वाद्याला जमत नाही.

दुसरी गोष्ट माणसांची, आणि तिथे बंदी घालणारे चुकले. ज्या वाद्याचा दोष दाखवायचा होता, त्याच्या वादकांनाच त्यांनी स्टुडिओबाहेर उभं केलं. दोष दूर करायला लागतात प्रयोग, शिक्षण आणि वेळ. ३१ वर्षं रेडिओने पेटीला यांतलं काहीच दिलं नाही. ते काम बंदीच्या आधी आणि बंदीच्या काळात रेडिओबाहेरच्या माणसांनी केलं. द्वारकानाथ घोषांनी भाता मागे आणला, देवलांनी श्रुती मोजल्या, टेंब्यांनी साथीचा अर्थ शिकवला, पी. मधुकरांनी तिला एकल आसन दिलं. पॅरिसमध्ये पेटंट घेतलेल्या खोक्याला भारतीय वाद्य केलं ते या माणसांच्या हातांनी. सरकारी मान्यता त्यानंतर आली, आणि तीही अर्धी.